खेचरांच्या वाटेवरून ओहायोकडे

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आणि पोलादाचे जुने शहर पिट्सबर्ग यांच्यामध्ये सुमारे ५३५ किलोमीटरची एक सलग वाट आहे. मोजके गावरस्ते वगळले तर तिच्यावर मोटार चालत नाही. डांबर फार थोड्या ठिकाणी लागते. बाकी सगळीकडे चाकाखाली माती, कच आणि चुनखडीचा दाबलेला भुगा. वाटेचा पूर्वेकडचा २९७ किलोमीटरचा भाग पोटोमॅक नदीच्या काठाने, एका बंद पडलेल्या कालव्याला धरून जातो. पश्चिमेकडचा २४० किलोमीटरचा भाग उखडलेल्या लोहमार्गाच्या भरावावरून अ‍ॅलेगेनी डोंगर ओलांडतो. पहिल्याचे नाव चेसापीक अँड ओहायो कालव्याचा टोपाथ, दुसऱ्याचे ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज. कंबरलंड या गावी दोन्ही एकमेकांना मिळतात. नदीकाठ, उद्यान आणि दाट झाडी यांतून जाणाऱ्या खडीवाटा आज जगभर सायकलस्वारांना खुणावतात. पण अशी वाट मुळात कोणासाठी बांधली जाते आणि पुढे कोणाच्या हाती येते, हे समजून घ्यायला या जोडवाटेइतके बोलके उदाहरण मिळणे कठीण.

‘ग्रॅव्हल सायकलिंग’ हा शब्द गेल्या वीसेक वर्षांत रुळला. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाभोवतीच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ मध्ये लांब पल्ल्याची एक शर्यत सुरू झाली. आज ती अनबाउंड ग्रॅव्हल या नावाने ओळखली जाते. २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेनेटो प्रांतात या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यासाठीची सायकलही वेगळी निघाली. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद, त्यातली हवा कमी, दोन चाकांमधले अंतर थोडे जास्त आणि सांगाड्याला सामान बांधायची सोय. कमी हवेचा रुंद टायर खड्यांवर उसळत नाही. तो दबून त्यांना पोटात घेतो, आणि त्यामुळे दिवसाला शंभर किलोमीटर जाऊनही मनगटे शाबूत राहतात. सायकल नवी असली तरी रस्ते मात्र जुनेच आहेत, आणि ते सायकलीसाठी बांधलेले नाहीत.

रस्त्याच्या अंगाबद्दल आधी थोडे सांगायला हवे, कारण अशा प्रवासातले सुखदुःख बरेचसे त्यावर ठरते. नदीतले गोल गोटे कितीही दाबले तरी एकमेकांवरून घसरतात आणि चाक त्यांत रुतते. क्रशरमध्ये फोडलेल्या दगडाला धारदार कोपरे असतात. लहानमोठे तुकडे आणि बारीक भुगा एकत्र करून, पाणी मारून वर रोलर फिरवला, की कोपरे एकमेकांत अडकतात आणि भुगा फटी भरतो. चुनखडीचा भुगा ओला होऊन सुकताना आणखी घट्ट बसतो. त्यावरून चाक जाताना नुसती हलकी कुरकुर ऐकू येते. ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजचा पृष्ठभाग असा आहे. टोपाथचे तसे नाही. तिथे मूळ वाट मातीची आणि चिकणमातीची, जागोजागी झाडांची मुळे वर आलेली, आणि पाऊस झाला की चिखल दोन-दोन दिवस वाळत नाही. अलीकडच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने खडीचा भुगा टाकून तिचे मोठे पट्टे सुधारले गेले आहेत, तरी पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा फरक कंबरलंडला पोचताच हातांना कळतो. या फरकाचे कारण इतिहासात आहे. एक वाट जनावरांच्या खुरांसाठी केली होती, दुसरी इंजिनाच्या वजनासाठी.

चेसापीक अँड ओहायो हे नाव म्हणजे त्या कालव्याची महत्त्वाकांक्षाच होती. अटलांटिकच्या बाजूचा चेसापीक उपसागर आणि डोंगरापलीकडे पश्चिमेला वाहणारी ओहायो नदी यांना पाण्याने जोडायचे, म्हणजे देशाच्या आतल्या भागातला माल राजधानीच्या बंदरात येईल, हा बेत. पोटोमॅक नदी स्वतः उथळ, खडकाळ आणि धबधब्यांची. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८५ मध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीच्या मदतीने तिच्यातच वाट काढून पाहिली होती. पण नदीचे पाणी कधी फार, कधी फार कमी. म्हणून काठाने स्वतंत्र कालवा खणायचे ठरले. ४ जुलै १८२८ रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी पहिले फावडे मारले. ते मुळाला अडले, तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढून ठेवला आणि पुन्हा घाव घातला. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला गेला. दोघांचे लक्ष्य एकच, ओहायो. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंडला आणि दहा वर्षांनी ओहायोकाठी पोचली. कालवा १८५० मध्ये कंबरलंडला आला आणि तिथेच थांबला.

तो इतका उशिरा का पोचला, हे वाटेवरून जाताना दिसत राहते. कालव्यातले पाणी सपाट हवे आणि जमीन तर चढती. त्यामुळे ठरावीक अंतरावर जलपाश बांधावे लागले, म्हणजे दगडी भिंतींच्या अरुंद पेट्या, दोन्ही टोकांना लाकडी दारे. नाव आत घेऊन खालचे दार लावायचे, वरचे पाणी आत सोडायचे, आणि पाण्याबरोबर नाव सुमारे अडीच मीटर वर उचलायची. असे ७४ जलपाश, एकूण चढ १८४ मीटर. सायकलस्वाराला याचा अनुभव अगदी साधा येतो: कित्येक किलोमीटर पूर्ण सपाट वाट, मग जलपाशाशी एक छोटा चढ, आणि पुन्हा सपाटी. ओढ्या-नद्यांवरून कालवा नेण्यासाठी अकरा जलसेतू बांधले गेले. त्यांतला मोनोकसी नदीवरचा सात कमानींचा जलसेतू सगळ्यांत देखणा. त्याचा फिकट दगड जवळच्या शुगरलोफ डोंगरातून आणला होता. सायकल बाजूला ठेवून खाली उतरून त्याच्याकडे पाहावे, इतके ते बांधकाम मोलाचे आहे.

हे काम करणारे बहुतेक आयर्लंड आणि जर्मनीतून नुकतेच आलेले मजूर होते. १८३२ मध्ये कॉलऱ्याने त्यांच्या छावण्या उद्ध्वस्त केल्या. मजुरीवरून आणि आपसांत दंगे झाले; १८३४ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी कालव्यावर केंद्राचे सैन्य पाठवले. कामगारांच्या तंट्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारने सैन्य उतरवण्याची ती पहिली वेळ. सर्वांत कठीण काम पॉ पॉ बोगद्याचे होते. पोटोमॅकची जवळजवळ दहा किलोमीटरची नागमोडी वळणे टाळण्यासाठी डोंगरातून ९५० मीटरचा बोगदा काढायचा होता. दोन वर्षांत संपेल असे वाटलेल्या कामाला चौदा वर्षे लागली आणि आतून सुमारे साठ लाख विटा बसल्या. आज बोगद्यातली वाट अरुंद, ओली आणि खडबडीत आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा आणि त्याखाली काळे पाणी. दिवा लावून सायकल हातात धरून चालत जाणे हेच शहाणपणाचे. त्या कठड्यावर ओढदोरांच्या घासण्याने पडलेल्या खाचा हाताला लागतात.

‘टो’ म्हणजे ओढणे. टोपाथ म्हणजे नाव ओढणाऱ्या जनावरांची वाट. महाराष्ट्रात पाटाच्या कडेने जो कच्चा रस्ता असतो, तो कालव्याची देखरेख करण्यासाठी. इथली वाट हे मात्र कालव्याचे इंजिनच होते. सुमारे २८ मीटर लांबीच्या नावेत शंभर टनांहून जास्त कोळसा भरलेला असे आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला खेचरे. ती पाळीपाळीने काम करत. एक जोडी ओढत असताना दुसरी नावेवरच्या छोट्या तबेल्यात विश्रांती घेई. अनेक कुटुंबे नावेवरच राहत, आणि खेचरांच्या बरोबरीने दिवसभर चालण्याचे काम बहुधा मुलांकडे असे. जलपाश जवळ आला की शिंग फुंकून राखणदाराला जागे करायचे. राखणदाराचे दगडी किंवा लाकडी घर जलपाशालगत असे; अशी वीसहून जास्त घरे अजून उभी आहेत आणि त्यांतली काही प्रवाशांना रात्रीपुरती भाड्याने मिळतात. वाट इतकी सपाट आणि रुंद का, वळणे इतकी सौम्य का, याचे उत्तर त्या खेचरांच्या चालीत आहे. ओझे ओढणाऱ्या जनावराला जे सोसते, तेच सामान बांधलेल्या सायकलीला सोसते.

१८७० च्या दशकात कालव्यावर कोळशाची वाहतूक भरात होती. मग १८८९ च्या पुराने काठ फोडले, कंपनी बुडाली आणि कारभार प्रतिस्पर्धी रेल्वेच्या हाताखाली गेला. १९२४ च्या पुरानंतर नावा पुन्हा चालल्या नाहीत. १९३८ मध्ये केंद्र सरकारने वीस लाख डॉलरला सगळी मालमत्ता विकत घेतली. मंदीच्या काळात तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअरच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या दोन तुकड्यांनी वॉशिंग्टनकडचे पहिले २२ मैल दुरुस्त केले. आज राजधानीतले लोक रविवारी ज्या नीटनेटक्या पाण्याकाठी फिरतात, ते या तरुणांच्या कष्टाचे फळ आहे. ही गोष्ट वाटेच्या वर्णनांत बहुधा एका ओळीत उरकली जाते. तसे होऊ नये.

पुढे वाट जवळजवळ हातची जात होती. कालव्याच्या पात्रावरून मोटारींसाठी निसर्गरम्य रस्ता करायचा बेत पुढे आला आणि जानेवारी १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने त्याला अग्रलेखातून पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी त्या वृत्तपत्राला पत्र लिहून संपादकांना आव्हान दिले की आधी माझ्याबरोबर ही वाट पायी चाला, मग मत बनवा. संपादकांनी ते स्वीकारले. २० मार्च १९५४ रोजी कंबरलंडहून पथक निघाले. वाटेत बर्फ लागले, पायांना फोड आले, अनेक जण गळाले. आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोचेपर्यंत सगळी वाट चाललेले नऊच उरले होते. वृत्तपत्राने आपली भूमिका बदलली. १९६१ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कालव्याला राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षण दिले, आणि ८ जानेवारी १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने सुमारे वीस हजार एकरांचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. नकाशावर हे उद्यान विचित्र दिसते: जवळजवळ तीनशे किलोमीटर लांब आणि बहुतेक ठिकाणी एखाद्या फितीइतके अरुंद.

या अरुंद फितीत जे जंगल आहे ते आदिम नाही. नावांच्या काळात काठ बराच मोकळा ठेवला जाई. वाहतूक थांबल्यावर पाणी आटलेल्या पात्रातही झाडे उगवली. कालव्याच्या तळात उभे असलेले जाड बुंध्याचे सिकॅमोर पाहिले की ओस पडलेल्या शतकाचा अंदाज येतो. नदीच्या पुराच्या मैदानात चंदेरी मेपल, तळाला पॉ पॉची झुडपे. त्यांच्या फळाला केळ्या-आंब्याच्या मधली चव असते आणि बोगद्याजवळच्या गावाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. एप्रिलमध्ये जमिनीवर निळ्या घंटाफुलांचा सडा पडतो. जिथे पात्रात अजून पाणी आहे तिथे आडव्या ओंडक्यांवर कासवे ऊन खात ओळीने बसतात आणि निळा बगळा सायकल अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. उन्हाळा मात्र दमट, डासांचा आणि विषारी आयव्हीचा. तीन-तीन पानांची ती वेल अंगाला लागली तर आठवडाभर आग होते, म्हणून वाटेबाहेर पाय टाकताना पाहून टाकावा. सर्वांत चांगले दिवस मेचे आणि ऑक्टोबरचे.

वॉशिंग्टनहून निघाल्यावर पहिले वीस-बावीस किलोमीटर गर्दीचे असतात. पायी चालणारे, धावणारे, लहान मुलांच्या गाड्या. इथे ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, मागून जाताना घंटी वाजवावी लागते आणि पायी माणसाला व घोड्याला वाट द्यावी लागते. ग्रेट फॉल्सला नदी खडकांतून कोसळते आणि कालव्याची गरज का पडली, हे एका नजरेत कळते. त्यानंतर गर्दी ओसरते. हार्पर्स फेरीला शेनान्डोआ नदी पोटोमॅकला मिळते. थोडे पुढे शार्प्सबर्गजवळ १७ सप्टेंबर १८६२ रोजी यादवी युद्धातली अँटिएटमची लढाई झाली. तेव्हा गावकरी ज्या गुहेत लपले होते ती किलियन्सबर्ग गुहा वाटेच्या अगदी कडेला आहे. बिग स्लॅकवॉटर इथे कडे सरळ नदीत उतरतात, कालव्याला जागाच नव्हती, म्हणून नावा नदीतूनच नेत. काठावरची वाट पुरांनी खाऊन टाकल्यामुळे सायकलस्वारांना कित्येक वर्षे अरुंद मोटाररस्त्याचा वळसा घ्यावा लागे. २०१२ मध्ये पाण्यावर काँक्रीटची वाट बांधून तो धोका संपवला. या मार्गावरचा सर्वांत सुंदर तुकडा तोच आहे, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला हलणारे पाणी. विल्यम्सपोर्टला कोनोकोचीग जलसेतूची भिंत १९२० मध्ये फुटून एक नाव खाली ओढ्यात कोसळली होती. दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये त्यात पुन्हा पाणी सोडले गेले.

मुक्कामाची सोय साधी पण मनापासून केलेली आहे. दर आठ-दहा किलोमीटरला तंबू टाकायची जागा, हातपंप, चूल पेटवायचे कडे आणि शौचालय, आणि सगळे विनामूल्य. हिवाळ्यात पंप बंद असतात. पश्चिमेकडच्या टप्प्यात दुकाने विरळ होतात, तेव्हा खाणे बरोबर हवे.

कंबरलंडला कालवा संपतो आणि चढ सुरू होतो. पुढचा रस्ता प्रामुख्याने वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा. तिने १९१२ मध्ये डोंगर ओलांडणारी ही शाखा सुरू केली आणि १९७५ मध्ये बंद केली. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार चढू शकत नाही, म्हणून रेल्वेचे अभियंते डोंगराला वळसे घालतात, दऱ्यांवर पूल टाकतात, कडे फोडतात, पण चढ वाढू देत नाहीत. सर्वांत कठीण भागातही शंभर मीटरला पावणेदोन मीटरच चढ आहे. कंबरलंडपासून माथ्यापर्यंत ३८ किलोमीटरमध्ये साधारण ५३० मीटर उंची गाठायची. दम लागत नाही, पण वाट संपतही नाही. वाटेत एक किलोमीटर लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा आहे. आत झिरपणारे पाणी गोठून भिंती फुटू नयेत म्हणून हिवाळ्यात त्याची दारे लावून घेतात. बोगद्याच्या जवळच मेसन-डिक्सन रेषा ओलांडली जाते आणि मेरीलँड संपून पेनसिल्व्हेनिया लागते. थोड्या अंतरावर ७२९ मीटर उंचीवर पाणलोटाची कड येते. तिच्या पूर्वेला पडलेला पाऊस पोटोमॅकमार्गे चेसापीकला जातो, पश्चिमेला पडलेला ओहायो आणि मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताला. कालव्याला जी कड ओलांडता आली नाही, ती हीच.

बंद झालेला लोहमार्ग आपोआप वाट होत नाही. अनेक ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नसून फक्त वापराचा हक्क असतो. गाड्या थांबल्या की तो हक्क संपतो आणि पट्टी शेजारच्या जमीनमालकांत वाटली जाते. एकदा तुकडे झाले की ती पुन्हा जोडता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली: उद्या रेल्वेला लागली तर परत मिळेल या अटीवर पट्टी सलग राखायची आणि तोवर तिचा वाट म्हणून वापर करायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ही तरतूद वैध ठरवली. देशातल्या कितीतरी खडीवाटा या एका तरतुदीमुळे टिकल्या. ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज मात्र तुकड्यातुकड्यानेच जमत गेला. ओहायोपायलजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये खुला झाला, पिट्सबर्गजवळचा शेवटचा जून २०१३ मध्ये. सत्तावीस वर्षे गावोगावचे स्वयंसेवक जमिनीसाठी बोलणी करत, पुलांवर फळ्या ठोकत, ट्रकभर खडी पसरत राहिले. याच काळात मायर्सडेल, रॉकवूड, कॉन्फ्लुअन्स यांसारखी खाणी आणि रेल्वे गेल्यामुळे ओसरलेली गावे सायकलस्वारांच्या मुक्कामावर थोडी सावरली.

माथ्यानंतर वाट जवळजवळ न जाणवणाऱ्या उताराने खाली जाते. सॅलिसबरी व्हायाडक्ट हा पूल ५८० मीटर लांब. त्याच्यावरून खाली नदी, शेते, लोहमार्ग आणि महामार्ग एकदम दिसतात. कॉन्फ्लुअन्सनंतर यॉकोगेनी नदी सोबतीला येते आणि ओहायोपायल उद्यानाचे दाट जंगल सुरू होते. इथे दोन उंच पुलांवरून नदी ओलांडताना खाली पांढऱ्या पाण्यातल्या रबरी होड्या दिसतात. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी धबधब्यावर बांधलेले फॉलिंगवॉटर हे घर इथून जवळ आहे, पण तिकडचा मोटाररस्ता चढाचा आणि वर्दळीचा असल्याने सायकलीने जाण्याचा मोह आवरलेला बरा. कॉनेल्सव्हिलजवळ पोलादाच्या भट्ट्यांसाठी कोळसा भाजून कोक केला जाई, आणि वाटेच्या कडेच्या उतारांवर त्याच्या खुणा झाडांनी झाकत आणल्या आहेत. काठावरच्या खडकांवरून काही ठिकाणी जुन्या खाणींचे लालसर पाणी अजून ओघळते.

मकीस्पोर्टला यॉकोगेनी मोनोंगहेलाला मिळते आणि जंगल संपते. होमस्टेडजवळ पोलाद कारखान्यातल्या १८९२ च्या संपात कामगार आणि कंपनीने आणलेले पिंकर्टनचे सशस्त्र पहारेकरी यांच्यात जिथे चकमक झाली, तिथले पंपघर वाटेवरच आहे. पुढे शहरात शिरताना हॉट मेटल पूल लागतो. नदीच्या एका काठावर भट्ट्या होत्या आणि दुसऱ्या काठावर पोलादाचा कारखाना. वितळलेले लोखंड मोठ्या पात्रांत भरून रेल्वेने या पुलावरून पलीकडे नेत. आज त्यावरून सायकली जातात. त्यानंतर नदीकाठाने काही किलोमीटर, मग शहराच्या टोकाचे पॉइंट स्टेट पार्क. तिथे मोनोंगहेला आणि अ‍ॅलेगेनी एकत्र होतात, आणि त्यांच्या संगमापासून पुढच्या पाण्याला ओहायो म्हणतात.